पाकीट अडवण्याआधी नमुना घ्या

ठाणे आणि नवी मुंबईत धावण्याच्या स्पर्धा भरवणाऱ्या सर्व मंडळींस, तसेच त्या स्पर्धांच्या स्टेजवर पुढच्या खुर्च्यांत बसणाऱ्या रनिंग ग्रुपांच्या कोचमंडळींस,

स. न. वि. वि.

डिसेंबरातल्या एका रविवारी तुमच्यापैकीच एकांच्या स्पर्धेत दहा किलोमीटरला दुसऱ्या आलेल्या मुलीला स्टेजवर बोलावलं, गळ्यात मेडल घातलं, फोटो काढला आणि बक्षिसाचं पाकीट मात्र दिलं नाही. ‘थोडं व्हेरिफिकेशन आहे, कळवतो,’ असं माइक बाजूला धरून सांगितलं. पहिलीला मिळालं, तिसरीला मिळालं, मधलीचं अडलं. कारण एवढंच की तिने वर्षभरात पाच मिनिटं कमी केली होती आणि स्टेजमागे कोणीतरी कोणाच्या तरी कानात ‘ही काहीतरी घेते’ असं पुटपुटलं होतं.

व्हेरिफिकेशन म्हणजे नक्की काय करणार आहात, हे मी तिथेच विचारायला हवं होतं. तिची लघवी कोणी घेतली नाही, रक्त घेतलं नाही. नाव, पत्ता आणि आधार कार्डाची झेरॉक्स तेवढी घेतली. आधार कार्डावर हिमोग्लोबिन नसतं हो.

मी कोण, ते आधी सांगते. मी ठाण्यात सतरा वर्षं डायलिसिस टेक्निशियन आहे. आठवड्याचे सहा दिवस माझ्या देखरेखीखाली लोकांचं रक्त शरीराबाहेर येतं, गाळलं जातं आणि परत आत जातं. सातव्या दिवशी मी पळते. उपवनला जमायचं, येऊरचा चढ चढायचा, खाली येऊन चहा. महिन्यातून एकदा वाशीला जमून पाम बीच. वेग विचारू नका. माझ्या मागे बहुतेक वेळा ॲम्ब्युलन्स असते आणि तिचा ड्रायव्हर आता मला नावाने हाक मारतो.

आमच्या सेंटरमध्ये औषधांचा एक छोटा फ्रिज आहे. दारावर तक्ता टांगलाय, त्यात सकाळ-संध्याकाळ तापमान लिहायचं, दोन ते आठ अंशांच्या मधलं. वरच्या कप्प्यात बोटाएवढ्या, आधीच भरून आलेल्या सिरिंज असतात. त्यांच्यावर छापलेलं असतं, ४,००० युनिट. हे ईपीओ. सायकल आणि मॅरेथॉनच्या जगाला तीस वर्षांहून जास्त काळ ज्याने छळलं, ते माझ्याकडे इन्सुलिनच्या शेजारी ठेवलेलं असतं.

मूत्रपिंडं लघवी तयार करतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण रक्तात ऑक्सिजन कमी पडतोय हे ओळखून हाडांतल्या मज्जेला ‘तांबड्या पेशी वाढव’ असा निरोपही तीच धाडतात, हे स्वतः पेशंट होईपर्यंत कोणाच्या गावी नसतं. तो निरोप म्हणजे इरिथ्रोपोएटिन, म्हणजेच ईपीओ. किडनी बसली की निरोपही बंद. हिमोग्लोबिन सातवर येतं, साडेसहावर येतं. आमच्याकडे कळव्याचे एक रिक्षावाले काका येतात. स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या चढताना ते तीनदा कठड्याला धरून उभे राहायचे. त्यांना डायलिसिस संपल्यावर आठवड्यातून दोनदा ही सुई सुरू केली, सोबत लोहाचं सलाइन. तीनेक महिन्यांत हिमोग्लोबिन साडेदहा झालं. ‘ताई, आज एकदाच थांबलो,’ म्हणाले. साडेदहा! त्यापुढे आम्हीही फारसं जाऊ देत नाही. साडेअकराच्या पुढे सरकायला लागलं की डॉक्टर डोस कमी करतात, कारण रक्त दाट होतं, बीपी चढतं, गुठळीची भीती वाढते. अमेरिकेत २००७ साली या औषधांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला तो याच भीतीने. सुई देण्याआधी मी बीपी बघते. जास्त निघालं तर त्या दिवशी सुई नाही.

आता गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. येऊरहून उतरून आम्ही सहा-सात जण मामलेदारच्या मिसळीसाठी रांगेत उभे होतो, चिंब भिजलेले. आमच्यातले एक गृहस्थ, वय पंचेचाळीसच्या पुढे, हाताला महागडं घड्याळ, स्वभावाने खरंच चांगले. माझ्या बाजूला सरकले आणि म्हणाले, ‘ताई, तुमच्याकडे ते रक्तवाढीचं इंजेक्शन असतं ना? उरलेली दोन-चार मिळतील का?’

मी विचारलं, ‘हिमोग्लोबिन किती तुमचं?’

‘पंधरा पॉइंट दोन.’

मला आधी हसू आलं, मग काका आठवले आणि हसू गेलं. ‘उरलेलं’ हा शब्द तर डोक्यात राहिलाच. आमच्याकडे उरत नाही. एखाद्याचं उरतं ते तो पुढच्या वेळी आलाच नाही म्हणून. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, ‘अहो, गंमत केली.’ मिसळ आली, विषय संपला. पुढे थंडीत हे गृहस्थ एका स्पर्धेत आपल्या वयोगटात स्टेजवर चढले. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. त्यांनी दुसरीकडून काही मिळवलं का, मला माहीत नाही. कदाचित नसेल. कदाचित खरंच गंमत असेल. त्यांना पाकीट तिथल्या तिथे मिळालं.

या दोन पाकिटांमुळे मी हे पत्र लिहायला बसले.

त्या मुलीचं आता सांगते. तिला विचारूनच सांगते आहे. ती दिव्याला राहते. पहाटेची पहिली गाडी पकडून येते, दारात उभी राहून, कारण दिव्याहून बसायला मिळणं हा वेगळाच खेळ आहे. रविवारच्या बक्षिसांवर तिची कॉलेजची फी निघते. दोन वर्षांपूर्वी ती आमच्यासोबत येऊर चढायला लागली तेव्हा तिच्या कंबरेच्या पट्ट्यात मोबाइलच्या जागी एक प्लॅस्टिकची पुडी असायची. मला वाटलं खडीसाखर असेल. एकदा चढावर ती मट्कन खाली बसली आणि पुडी उघडून तोंडात टाकू लागली. कच्चे तांदूळ! ‘सारखे खावेसे वाटतात, काकू,’ म्हणाली. मी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत जी लाली हवी तिथे कागद. सीबीसी करायला लावली, हिमोग्लोबिन ८.९. एवढ्या रक्तावर ही मुलगी दहा किलोमीटर सेहेचाळीस मिनिटांत पळत होती!

फॅमिली डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. मी वर दोन नियम घातले: गोळीच्या आगेमागे चहा नाही, आणि जेवणात लिंबू. चहावरून भांडलीच माझ्याशी. पाच-सहा महिन्यांत १२.६. तांदळाची पुडी गेली. त्याच सुमारास ग्रुपातल्या एकीने तिला आपले जेमतेम वापरलेले, वेगाला हात देणारे कार्बन प्लेटवाले बूट दिले, कारण तिच्या स्वतःच्या पायाला ते चावत होते. डिसेंबरात मुलगी एक्केचाळीस मिनिटांत आली. लोहाची गोळी कुठल्याही बंदीच्या यादीत नाही. बुटांवरही तुमच्या स्पर्धेत बंदी नव्हती. असती तर त्या दिवशी निम्मी स्टार्ट लाइन अनवाणी उभी राहिली असती.

म्हणजे ज्याने माझ्याकडे इंजेक्शन मागितलं त्याच्याबद्दल कोणी कुजबुजलं नाही, आणि जिने लोहाची गोळी घेतली तिचं बक्षीस अडलं. संशयाला नाक असतं असं आपण समजतो. मला तरी त्याला फक्त डोळे दिसले, आणि ते डोळे आधी बघतात की कोण दिव्याहून आलंय आणि कोण घोडबंदरच्या टॉवरमधून.

मी स्वतः यातून सुटलेली नाही, हेही लिहून टाकते. त्या गृहस्थांना स्टेजवर पाहिल्यापासून त्यांनी कुठलीही वेळ सांगितली की माझ्या मनात बारीक आवाज येतो, ‘कशाच्या जोरावर?’ एका वाक्यावरून मी माणसाला मनात दोषी ठरवून बसले आहे. तुमच्या स्टेजमागच्या कुजबुजीत आणि माझ्या मनातल्या आवाजात फरक काय? मी त्यांचं पाकीट अडवू शकत नाही, एवढाच.

मोठ्या जगातही हेच झालंय. माझ्या भावाच्या मनगटात २००५ च्या आसपास एक पिवळा रबरी पट्टा असायचा, ठाणे स्टेशनच्या पुलावर दहा रुपयांना मिळणारा नकली. खऱ्या पट्ट्यामागचा माणूस अमेरिकेचा सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग. कॅन्सरमधून उठला आणि १९९९ पासून २००५ पर्यंत सलग सात वेळा टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकला. केमो घेणाऱ्या नातेवाइकांना आम्ही त्याची गोष्ट सांगायचो. तो सतत सांगायचा, माझ्या शेकडो चाचण्या झाल्या आणि एकीतही मी सापडलो नाही. चाचण्या झाल्या होत्या हे खरंच होतं. ईपीओ लघवीतून ओळखायची चाचणी वापरात आली २००० च्या सिडनी ऑलिंपिकला. त्याआधी सायकलवाल्यांनी १९९७ पासून नुसती रेघ आखली होती, की रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण पन्नास टक्क्यांच्या वर गेलं तर उतर सायकलवरून. मग काय, सगळे एकोणपन्नासवर थांबायला शिकले. ज्याला थांबता आलं नाही तो मार्को पँटानी. १९९९ च्या जिरो द’इटालियात, म्हणजे इटलीच्या मोठ्या सायकल शर्यतीत, शेवट दोन दिवसांवर आला असताना, सगळ्यांच्या पुढे असताना, बावन्न टक्के निघाले म्हणून घरी गेला. २००४ मध्ये रिमिनीच्या एका हॉटेलात एकटाच मेला.

चाचणी आल्यावरही औषध थोडं थोडं, रात्री, शिरेतून घेतलं की सकाळपर्यंत बरंचसं पुसलं जायचं. म्हणून पुढे रक्ताचा पासपोर्ट आला. सायकलमध्ये २००८ ला, आणि पाठोपाठ वाडाच्या नियमांत. (वाडा म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्था. आपली ती नाडा. एक ऐकून पेशवे आठवतात, दुसरं ऐकून पायजमा, पण कामं दोन्हींची गंभीर आहेत.) पासपोर्टात औषध शोधत बसत नाहीत, खेळाडूचं रक्त वर्षानुवर्षं कसं वागतं ते बघतात. कोवळ्या तांबड्या पेशी, ज्यांना आम्ही रेटिक म्हणतो, त्या अचानक वाढल्या की बाहेरून कोणीतरी निरोप धाडला असणार. अचानक घटल्या की शरीर म्हणतंय, आहेत तेवढ्या पुरे, कोणीतरी जादा भरल्यात. मी रोज जे रिपोर्ट चाळते त्याच रिपोर्टातली ही गोष्ट आहे, म्हणून मला ही पद्धत पटते.

पण आर्मस्ट्राँगला शेवटी पकडलं ते ना पासपोर्टने, ना कुजबुजीने. २०१२ साली अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने सव्वीस जणांच्या शपथेवरच्या साक्षी काढल्या. त्यातले पंधरा स्वतः सायकलपटू. त्याच्याही कितीतरी आधी तोंड उघडलं होतं ते एमा ओ’रायली या आयरिश बाईने. त्याच्या टीमची मसाज करणारी. १९९९ च्या शर्यतीत तो एका स्टेरॉइडसाठी सापडला तेव्हा बसण्याच्या जागेवरच्या फोडांसाठी मलम लावलं अशी मागच्या तारखेची चिठ्ठी कशी तयार झाली, ते तिने सांगितलं. बदल्यात तिला काय ऐकावं लागलं ते मी इथे लिहीत नाही. संडे टाइम्स या इंग्लंडच्या वृत्तपत्राने त्याच्यावर संशय छापला तर त्याने खटला भरला, आणि त्यांनाच तीन लाख पौंड मोजून मिटवावं लागलं. पुढे त्याने कबुली दिल्यावर त्यांनी पैशांसाठी दावा लावला आणि तडजोड झाली. मसाजवाल्या बाईची ती वर्षं कोणी परत केली? मला त्या सगळ्या गोष्टीत सगळ्यात जवळची तीच वाटते. लोकांच्या शरीराला हात लावणारी माणसं बरंच काही बघतात आणि त्यांचं कोणी ऐकत नाही.

आणि उलटंही बघा. तुमच्यापैकी कितीतरी जण दक्षिण आफ्रिकेला जाऊन कॉम्रेड्स पळून आलात. डर्बन ते पीटरमॅरिट्झबर्ग, किंवा उलट, जवळजवळ नव्वद किलोमीटर. तिथे २०१२ ला लुडविक मामाबोलो जिंकला. काही दिवसांत बातमी आली की एका उत्तेजकासाठी पॉझिटिव्ह. जवळजवळ वर्षभर त्याच्या नावावर तो डाग होता. मग सुनावणीत प्रयोगशाळेच्याच कामात चुका निघाल्या आणि तो सुटला. ब्रिटनची धावपटू पॉला रॅडक्लिफ तर २००१ साली स्टेडियममध्ये ईपीओवाल्यांना हाकला असा फलक धरून बसली होती. २०१५ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीत तिचं नाव न घेता बोट तिच्याकडे वळेल असं बोलणं झालं, आणि अनेक आठवडे तिला स्वतःच्या रक्ताचे आकडे जगाला समजावत बसावं लागलं. ॲथलेटिक्सच्या जागतिक संघटनेने तिला निर्दोष म्हटलं. उंच डोंगरावरचा सराव, उन्हातली शर्यत, शरीरातलं पाणी कमी झालेलं, अशा वेळी रक्त दाट दिसतं हे माझ्या सेंटरमधली शिकाऊ मुलगीही सांगेल.

आता ताजं प्रकरण. १३ ऑक्टोबर २०२४ च्या संध्याकाळी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फुलं, फटाके, अश्रू काय काय पडत होतं. केनियाच्या रूथ चेपनगेटिचने शिकागोत २ तास ९ मिनिटं ५६ सेकंदांत मॅरेथॉन संपवली होती. आधीचा विक्रम २:११:५३. म्हणजे जवळजवळ दोन मिनिटं खाली! तिथल्या पत्रकार परिषदेत एकाने तिला तोंडावर विचारलं की लोकांना संशय येईल, त्यावर काय म्हणशील? त्या पत्रकारावर सगळे तुटून पडले. आमच्या ग्रुपवर मीही लिहिलं होतं, ‘लाज वाटायला हवी.’ पुढच्या मार्चमध्ये तिच्या लघवीत हायड्रोक्लोरोथायझाइड सापडलं. मर्यादा मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम, सापडलं ३,८००. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिच्यावर तीन वर्षांची बंदी आली. शिकागोचा विक्रम मात्र कायम आहे, कारण तो नमुन्याच्या आधीचा.

हे औषध तुमच्या घरात असण्याची दाट शक्यता आहे. वडिलांची बीपीची गोळी काढून बघा. नावाच्या शेवटी ‘एच’ असेल तर तो एच म्हणजे हेच, बहुधा साडेबारा मिलिग्रॅम. लघवी जास्त करवून पाणी काढणारं औषध. खेळात बंदी एवढ्यासाठी की लघवी पातळ करून बाकीचं काही लपवता येतं.

इथे मला तुमची हरकत ऐकू येते आहे. ‘ताई, आपल्याकडे साठीच्या वरचे किती जण बीपीच्या गोळ्या घेऊन पळतात. टेस्ट लावली तर सगळे आजोबा पॉझिटिव्ह!’ आमच्या ग्रुपातल्या बासष्ट वर्षांच्या काकांनी तर हे ऐकून गोळीच बंद केली होती दोन दिवस. मी दम भरला तेव्हा परत सुरू केली. बीपीच्या सगळ्या गोळ्यांवर बंदी नाही. हृदयाचे ठोके कमी करणाऱ्या गोळ्या नेमबाजाला चालत नाहीत, पळणाऱ्याला चालतात. ज्यांना खरोखर बंदीतलं औषध लागतं त्यांच्यासाठी उपचाराची परवानगी घेण्याची सोय आहे, आणि हौशी खेळाडूला ती नमुना दिल्यानंतरही मागता येते. नाडाचं एक ॲपही आहे, ‘नो युवर मेडिसिन’ नावाचं. गोळीचं नाव टाका, चालेल का नाही ते सांगतं. आजोबांना निवांत पळू द्या. नमुना घ्यायचा तो रोख बक्षिसं घेणाऱ्यांचा.

दुसरी हरकत: ‘ही ऑलिंपिकवाल्यांची भानगड, आपण हौशी माणसं.’ न्यूयॉर्कच्या एका हौशी सायकल शर्यतीत २०१२ साली दोघे ईपीओला सापडले होते. पोटापाण्याचा प्रश्न नव्हता त्यांचा, हौसच होती. आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? पुण्याच्या हाफ मॅरेथॉनमध्ये डिसेंबर २०२४ ला घेतलेल्या नमुन्यात महाराष्ट्राच्याच एका चांगल्या धावपटूच्या लघवीत स्टेरॉइड निघालं आणि तिला चार वर्षांची बंदी झाली. नाव तुम्हाला माहीत आहे. मी लिहीत नाही. तसंच बीडच्या, साताऱ्याच्या, नाशिकच्या ज्या पोरापोरींची पोस्टर माझ्या पुतणीने भिंतीला लावली आहेत, त्यांचीही नावं या पत्रात मुद्दाम घेतलेली नाहीत. कौतुकासाठी घेतली तरी अशा पत्रात नाव आलं की वाचणारा मनात काहीतरी जोडतोच. मला ते पाप नको.

आपल्या देशाचा आकडा मात्र लिहिते, कारण तो अंगावर यावा अशीच माझी इच्छा आहे. २०२४ मध्ये भारतात ७,११३ नमुने तपासले आणि २६० पॉझिटिव्ह निघाले. शंभरात साडेतीनच्या वर. २०२२ साली कायदा झाला, नाडाला अधिकार मिळाले, सगळं झालं. पण दिल्लीत सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी नाडाची माणसं स्टेडियमवर आली आहेत हे कळताच मैदान रिकामं होऊ लागलं. शंभर मीटरच्या अंतिम फेरीला एकच मुलगा उभा राहिला. स्वच्छतागृहात वापरलेल्या सिरिंज पडल्या होत्या. स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीची, एक ज्युनियर मुलगी शर्यत संपली तरी पळतच राहिली, नमुना घ्यायला येणारा अधिकारी मागे, ही पुढे.

तिची ती धाव माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तिला कोणी दिलं असेल? कोचने? ‘ताकदीचं आहे, घे’ म्हणून? ती स्वतः औषधाच्या दुकानात जाऊन ईपीओ मागणाऱ्यातली नसणार. म्हणून पत्राच्या मथळ्यात कोचमंडळींनाही ओढलंय. तुमच्यातले बहुतेक सज्जन आहात. पण रेसच्या आदल्या दिवशी ‘अशक्तपणा वाटतोय ना, एक बाटली चढवून घे’ हे आपल्याकडे सर्रास चालतं. ऐकून ठेवा, बारा तासांत शंभर मिलिलिटरच्या वर सलाइन, त्यात साधं मीठपाणी असलं तरी, इस्पितळातल्या खऱ्या उपचाराखेरीज नियमाने बंद आहे. आणि प्रोटीनच्या डब्यांवर कमिशन घेत असाल तर निदान डबा कुठून येतो हे तरी पोरांना सांगा.

मला हवंय ते फार नाही. तुमच्या स्पर्धेला टी-शर्ट असतो, मेडल असतं, झुम्बा असतो, ढोल-ताशे असतात, पाहुण्यांसाठी शाली असतात. या सगळ्याच्या जोडीला प्रवेशअर्जात एक ओळ घाला: रोख बक्षीस घेणाऱ्याचा नमुना घेतला जाऊ शकतो. मग स्पर्धेच्या पुरेसे आधी नाडाला पत्र टाका आणि या म्हणा. दरवेळी येतील असं नाही. येऊ शकतात एवढं कळलं तरी पुष्कळ. जागा म्हणाल तर दार बंद होणारं एक स्वच्छ स्वच्छतागृह, एक टेबल, चार खुर्च्या, सीलबंद पाण्याच्या बाटल्या. झुम्बाच्या स्टेजपेक्षा कमीच. पाकिटं नमुन्याचा निकाल येईपर्यंत थांबवायची असतील तर खुशाल थांबवा, पण पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळ्यांची, अर्जात आधी लिहून. आणि कोणाबद्दल खरंच काही माहीत असेल तर नाडाकडे लेखी कळवा. तेवढी हिंमत नसेल तर स्टेजमागे कानात सांगू नका.

सबास्टियन सावेचं उदाहरण माझ्या डोक्यात आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये बर्लिन मॅरेथॉनच्या आधी दोन महिन्यांत केनियाच्या या धावपटूची पंचवीस वेळा चाचणी झाली. पैसे त्याच्या बूटवाल्या कंपनीने मोजले, आणि जास्त तपासा ही मागणी त्याची स्वतःची होती. केनियाचा आहे म्हणून लोक काय बोलणार हे त्याला माहीत होतं. मग तो २:०२:१६ मध्ये जिंकला. हे मी दिव्याच्या मुलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘माझी कोणी एकदा तरी केली असती, काकू.’ तिला नमुना द्यायचा होता. तिच्याकडे कोणी मागितलाच नाही.

आणि एक व्यावहारिक गोष्ट. मुलगी नमुना देते तेव्हा समोर बाईच लागते. फिनिश लाइनपासून त्या खोलीपर्यंत नजर हटवायची नाही, आत गेल्यावरही नाही. अधिकारी त्यांचे ते आणतील, पण सोबतीला स्थानिक बाया लागल्या तर नियम ते शिकवतात. अडचण माणसांची असेल तर त्या रविवारी मी पळणार नाही, उभी राहीन. सतरा वर्षं लोकांच्या लघवीच्या बाटल्या मोजते आहे, मला संकोच नाही. फक्त दुपारी बारापर्यंत मोकळं करा, सोमवारी माझी पहिली पाळी पहाटे साडेपाचची असते आणि रिक्षावाले काका पहिल्या बेडवर असतात.

कळावे, लोभ असावा.

आपली,
ठाण्यातली एक डायलिसिस टेक्निशियन, बहुतेक वेळा शेवटून दुसरी

ता. क. : डिसेंबरातल्या त्या पाकिटात ११,००० रुपये होते. मुलीचा बँक खात्याचा नंबर आयोजकांकडे आहे. झेरॉक्ससोबत घेतला होता.